आत्याची जास्तीची फासळी

सई, काल तुझा फोन आला आणि तू हसत हसत सांगितलंस, की खोकला हटेना म्हणून छातीचा फोटो काढला, तर त्यात मानेशी एक फासळी जास्त निघाली. तिकडच्या डॉक्टरांना तिचं फार कौतुक वाटलं म्हणे. मागून तुझा भाऊ निनाद ओरडत होता, की आजी, हिला एक सुटा भाग जास्त लागलाय, विकून टाकू या का. त्याला म्हणावं, आधी स्वतःची मान तपासून घे आणि मग बोल. मी फोनवर फारसं काही बोलले नाही, कारण फोनवर मला क्रमानं बोलता येत नाही. आयुष्यभर मुलींना इंग्रजी शिकवताना मी सांगत आले, की सांगायचं ते सुरुवातीपासून सांगावं आणि संपलं की थांबावं. तर आज सकाळी चहा झाल्यावर टेबल पुसून, दोन पेनांत शाई भरून बसले आहे. तुझ्या डॉक्टरांना वाटत असेल, की ही फासळी त्यांनी शोधून काढली. तसं नाही. ती कुरुंद्याची आहे. मी नऊ-दहा वर्षांची असताना ती आमच्या घरात पहिल्यांदा सापडली आणि तिच्यापायी माझ्या आत्याचा डावा हात जाता जाता राहिला.

कुरुंद्याचं आमचं घर म्हणजे माणसांपेक्षा हळदीचं घर होतं. माघाच्या सुमारास जमिनीतून हळद निघाली, की पुढचे दोन महिने घरात दुसरा विषय नसे. अंगणापलीकडच्या चुलाणावर मोठमोठ्या कढया चढत, त्यांत हळकुंडं शिजत, आणि तो वास अंथरुणात, दुधात, माझ्या पुस्तकांच्या पानांत जाऊन बसे. वाळलेली हळद गोणपाटावर घासण्याचा खरखर आवाज सकाळी सुरू होई तो दिवे लागेपर्यंत चाले. सगळ्यांचे हात पिवळे, नखं पिवळी, आबांच्या पांढऱ्या मिशांचं एक टोकसुद्धा पिवळं. आबा म्हणजे माझे आजोबा. तुम्हाला वाटेल, हळदीच्या घरात जेवायला काय थाट असेल. नव्हता. त्या दिवसांत आईला चुलीपुढं बसायला फुरसत नसे. ज्वारीची भाकरी, येसराची, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी, आणि कढत तेलात तिखट टाकून केलेला भुरका. तो भुरका मी नंतर इथं कितीदा करून पाहिला. तिखट तेच, तेल तेच, पण शेजारी हळद शिजत नाही म्हणून की काय, तो तसा लागत नाही.

आबांची धाकटी मुलगी सगुणा, ती माझी आत्या. सतरा वर्षांची, उंच, मान लांब. ती लांब मान सगळ्यांना फार देखणी वाटायची, तिच्यात काय दडलंय हे कुणाला माहीत होतं! जवळा बाजारच्या एका घरी तिची सोयरीक ठरली होती, हळदीचा हंगाम सरला की लग्न. आत्या डावखुरी होती. जेवताना डावा हात पुढं आला की आबा खाकरत, आणि ती मुकाट्यानं उजव्या हातानं घास घेई. पण आबांची पाठ वळली, की वेणी डाव्या हातानं, रांगोळी डाव्या हातानं, आणि माझ्या पाठीत धपाटाही डाव्या हातानं. त्या हातात एक विद्या होती, जी घरात फक्त मला माहीत होती. आत्या गोफण चालवायची.

गोफण तुम्ही पाहिली नसेल. सुतळीचे दोन लांब पदर आणि मध्ये विणलेली, तळहाताएवढी झोळी. एका पदराचा फासा बोटात अडकवायचा, दुसरा चिमटीत धरायचा, झोळीत दगड ठेवायचा, आणि हात डोक्याच्या वर नेऊन गरगर फिरवायची. नेमक्या वेळी चिमूट सोडली की दगड सुटतो आणि सुतळी फट् वाजते. आमच्या मळ्याच्या कडेला ज्वारीचा एक तुकडा होता. दाणा भरला की पाखरांची झुंबड पडे, आणि ती हाकायला चार मेढींवर उभारलेला उंच माळा होता. तिथं राखणीला गडी असे. पण हळद निघाली की सगळे गडी हळदीवर, आणि माळा मोकळा. मग आत्या आईला सांगे, 'वैनी, मी अन् इंदी वाळवणाकडं बघतो.' इंदी म्हणजे मी. वाळवण मळ्याच्या एका टोकाला आणि माळा दुसऱ्या टोकाला. आम्ही वाळवणाकडं एकदा बघायचो आणि माळ्यावर चढायचो.

सोयरीक झालेल्या मुलीनं माळ्यावर पदर खोचून गोफण फिरवायची, म्हणजे त्या काळात काय होतं ते तुम्हाला समजावणं कठीण आहे. जवळा बाजारला कळलं असतं तर तिकडून सुपारी परत आली असती, असं आत्याच मला सांगायची आणि पुढचा दगड झोळीत ठेवायची. एरवी आवाज न चढवणारी ही मुलगी माळ्यावर 'हाऽऽ हुर्रऽऽ' अशी आरोळी ठोके, की पलीकडच्या शेतातली पाखरंही उठत. पाखरांना ती मारत नसे. ज्या कणसावर राघू बसला असेल त्याच्या शेजारचं कणीस हलवायचं, हा तिचा हिशेब. 'त्याला नुसतं समजलं पायजे,' ती म्हणे, 'की आपल्याला कुणी बघून राहिलं.'

आबांना खोकल्याची तक्रार होती म्हणून वैद्यबुवा वरचेवर घरी येत. गोरे, गोल, कानात भिकबाळी. मनगटावर तीन बोटं ठेवून ते डोळे मिटत आणि असे काही गंभीर होत, की त्यांच्या पोटात दुखतंय असं वाटे. पुरुषाची नाडी उजव्या हाताची, बाईची डाव्या हाताची, हा त्यांचा नियम. मी त्यांची हुबेहूब नक्कल करायची. एके दिवशी माळ्यावर मी आत्याचं डावं मनगट धरलं, डोळे मिटले आणि म्हटलं, 'वात फार झालाय, बाई. भुरका बंद.' आत्या हसली, पण तिचं लक्ष उजवीकडच्या कणसांवर होतं आणि डावा हात गोफणीसाठी वर उचललेलाच होता. माझ्या बोटांखाली काहीच नव्हतं. मी बोटं सरकवली, दाबली, तरी काही नाही.

'आत्या,' मी म्हटलं, 'तू मेलीस.'

'काहून गं?'

'नाडी न्हाई तुला.'

तिनं हात खाली घेतला आणि स्वतःच बोटं ठेवून पाहिली. 'ही काय, उडून राहिली की.' उडत होती खरी. हात वर नेला, मान वळवली, की गेली. खाली आणला, की आली. आम्ही दोघी एकमेकींकडं बघत राहिलो आणि मग इतक्या हसलो, की माळा हलायला लागला. माझ्या नाडीनं हे करून दाखवावं म्हणून मी हात वर धरून धरून थकले, पण माझी नाडी मठ्ठ, तिला काही येत नव्हतं.

पुढं काय झालं ते ओळखा. मळ्यात हळद वेचायला येणाऱ्या बायकांच्या पोरांना आम्ही बोलावलं. ओंजळभर बोरं आणली की आत्या मरून दाखवणार! पोरगं माळ्यावर चढे, घाबरत मनगट धरी, आत्या हात वर करून मान वळवी, डोळे फिरवी आणि 'मी चालले रे लेकरांनो' म्हणून आडवी होई. एक पोरगं भोकाड पसरून खाली उतरलं आणि थेट गावाकडं पळालं. त्याला आम्ही त्याची बोरं परत दिली, त्यातली गोड तेवढी ठेवून घेऊन.

खेळ खेळच राहिला असता. पण माघातल्या थंडीत सकाळी आत्याची डावी बोटं बधिर व्हायला लागली. दगड झोळीत ठेवताना तिच्या हातून निसटे. चार वेळा गोफण फिरवली, की हात खाली सोडून ती दातावर दात धरून उभी राही. मी विचारलं की म्हणे, 'मुंग्या आल्या, जातील.' बोटांची टोकं निळी पडली होती. पण आमच्या घरात कुणाच्या बोटाचा खरा रंग कुणाला दिसत होता? निळ्यावर हळद चढली, की बोट हिरवं दिसे. आईनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, 'सगुणा, पाला खुडत होतीस का? हात धू.' आत्यानं हात धुतला. हिरवं गेलं नाही.

मग तो दिवस. सकाळची उन्हं अंगणात आली होती, कढई उतरवायची वेळ. आत्यानं शिजलेल्या हळदीची पाटी डाव्या खांद्याशी उचलली आणि एकदम पाटी सोडून दिली. वाफाळती हळद अंगणभर. ती खाली बसली, डावा हात उजव्यानं पोटाशी धरून. तोंड पांढरं फटक, कपाळावर घाम. 'हात जळून राहिला, वैनी,' ती म्हणाली, पण मी हात लावला तर तो विहिरीच्या पाण्यासारखा गार.

वैद्यबुवा आबांकडं आलेलेच होते. ते ओसरीवरून लगबगीनं आले, बसले, आत्याचं डावं मनगट हातात घेतलं, डोळे मिटले. मिटले ते उघडेनात. मग उघडले आणि आबांकडं पाहून त्यांनी हळूच मान हलवली.

'काय?' आबा म्हणाले.

'नाडी नाही, आबासाहेब. गंगाजळ आणा.'

त्या एका वाक्यानं घराचं काय झालं म्हणून सांगू! आईनं हंबरडा फोडला. काकू देवघराकडं धावली, कुणी तुळशीचं पान आणायला गेलं, कुणी आत्याला धरून शेणानं सारवलेल्या जमिनीवर आडवं केलं. बायकांनी रडायला सुरुवातही केली, आणि आमच्याकडं रडताना माणसाचे गुण सांगून रडतात. 'किती गरीब गं माजी बाय, कदी वर डोळा करून बघितलं न्हाई,' असं एकजण म्हणाली, तेव्हा जमिनीवर पडलेल्या आत्यानं माझ्याकडं पाहिलं. दुखण्यानं तिचे डोळे भरले होते, पण त्या डोळ्यांत हसू होतं, हे मी शपथेवर सांगेन. काकूनं तिच्या तोंडात गंगाजळ घातलं. तिनं ते गिळलं आणि स्वच्छ आवाजात म्हणाली, 'वैनी, भाकर करपून राहिली.'

चुलीवर खरंच भाकरी करपत होती.

'जाण्याआधी असं थोडं बोलतात,' वैद्यबुवा हळू आवाजात म्हणाले.

तेव्हा मला राहवलं नाही. 'उजवा बघा की, बुवा! ही नाडी तिची नेहमीच जाती!'

'बाईमाणसाची नाडी डावी असते, बाळ.'

'मग उजव्या हातात काय असतं?' मी म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता आत्याचा उजवा हात धरला. त्या मनगटात नाडी अशी धडधडत होती, की माझी बोटं उडत होती. 'ही बघा! ही बघा!' आबा खाली बसले. त्यांनी उजवं मनगट धरलं, मग डावं, मग पुन्हा उजवं. मग वैद्यबुवांचा हात धरून त्यांनी तो उजव्या मनगटावर ठेवला, नियम गेला खड्ड्यात.

वैद्यबुवांना मी त्या दिवसापासून मान देत आले, तो यासाठी. दुसरा असता तर काहीतरी ठोकून दिलं असतं. ते बराच वेळ दोन्ही मनगटं धरून बसले, मग आत्याचं डावं बोट दाबून सोडलं, ते पांढरं पडलं आणि पांढरंच राहिलं. काकूनं शेकायला तापवलेली वीट आणली होती, ती त्यांनी बाजूला ठेवायला लावली. म्हणाले, 'आबासाहेब, पोरीचा जीव चाललेला नाही, हात चाललाय. माझ्या पोथीत हे नाही. गाडी जुंपा, वसमतच्या डॉक्टरकडं जाऊ. मीही येतो.'

इमामचाचांनी गाडी जुंपली. ते आमच्या घरचे गाडीवान, बैलांशी अदबीनं आणि माणसांशी खेकसून बोलणारे. गवताच्या गादीवर आत्या, डोकं आईच्या मांडीवर, पुढं आबा आणि बुवा. मला कुणी चल म्हटलं नव्हतं. मी मागच्या बाजूनं चढून बसले, कारण आत्याच्या डाव्या हाताबद्दल त्या गाडीत कुणालाच काही माहिती नव्हती. माझ्या परकराच्या आत, कमरेला, गोफण गुंडाळलेली होती. ती तिथं नेहमीच असे. घरात लपवायला दुसरी जागा नव्हती.

वसमतच्या दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादला शिकलेले, बारीक, तोंडात पान आणि डोक्यावर काळी टोपी. त्यांनी आधी आत्याला नाही, आम्हा सगळ्यांना भिंतीकडच्या बाकावर गप्प बसवलं. मग दोन्ही मनगटं, दोन्ही कोपरांच्या खोबणी, दोन्ही काखा, असं खालून वर तपासत गेले. डाव्या कोपरात म्हणे अगदी बारीक ठोका होता. मग विचारायला लागले. लहानपणी सांधे सुजून ताप आला होता का? छातीत धडधडतं? दंडात घट्ट वाकी किंवा ताईत बांधता? काखेत कुबडी घेऊन कधी चालली? हात कधी मोडला? घरात काळी पडलेली, रोगट ज्वारी-बाजरी खाण्यात आली? या विचारण्याचा अर्थ मला फार पुढं कळला. हाताचं रक्त अडायला किती वाकड्या वाटा असतात, त्या एकेक करून ते बंद करत होते. आबा प्रत्येकाला 'न्हाई साहेब' म्हणत होते आणि तिथवर ते खरं बोलत होते.

'अच्छा. इस हाथ से काम क्या लेते?'

'काही न्हाई,' आबा म्हणाले. 'आमच्या घरच्या पोरी कामाला जात न्हाईत. पोळ्या लाटतेत, बस्स.'

डॉक्टरांनी आत्याचं मधलं बोट उचललं. तिथं फाशाचा घट्टा पडला होता. 'और ये निशान?'

'शिवणकाम,' आई म्हणाली.

'इतनी बडी सुई?' डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी स्टूल पुढं ओढलं. 'देखो आबासाहेब. हाथ थंडा है, उंगलियां नीली हैं. रक्त कुठंतरी वर अडलंय. कुठं, ते मला कळलं नाही, तर आठ-पंधरा दिवसांत हा हात इथून कापावा लागेल.' त्यांनी स्वतःच्या कोपरावर बोट ठेवलं. 'सच बोलना पडेगा.'

आबांनी आईकडं पाहिलं. त्यांना खरंच माहीत नव्हतं. आत्यानं माझ्याकडं पाहिलं. हाताची आणि सुपारीची तुलना तिनं तेवढ्या वेळात केली असावी. तिनं मान हलवली.

'गोफण,' मी म्हटलं.

'काय?' आबा.

'आत्या गोफण फिरवती. रोज. डाव्या हातानं. सगळ्या शिवारात तिच्यासारखी कुणाची न्हाई.'

आबा बाकावरून उठले आणि परत बसले. आईनं तोंडाला पदर लावला. वैद्यबुवा मात्र 'अस्सं!' म्हणाले, जसा एखादा श्लोक लागला. आणि डॉक्टरांनी विचारलं, 'गोफन क्या चीज है?' शहरातला माणूस, पाखरं हाकायची वेळ कधी आली नसेल. मी परकराखालून गोफण काढली. आबांनी डोळे मिटून घेतले.

'दिखाओ,' डॉक्टर म्हणाले. 'कैसे फिराते?'

आम्ही अंगणात गेलो. आत्या दारात टेकून उभी राहिली, डावा हात फडक्यात गुंडाळलेला, आणि तशाही अवस्थेत मला शिकवायला लागली. 'खांदा मोकळा सोड. कोपर वर, अजून वर. इंदे, म्हशीसारखी उभी नको राहू.' डॉक्टर म्हणाले होते, दगड नक्को, नुसतं फिरवून दाखव. पण रिकामी गोफण नीट फिरत नाही, हे कुणीही सांगेल. मी एक लहानसा खडा ठेवला. फिरवली. आत्या ओरडली, 'आत्ता!' आणि मी चिमूट सोडली, किंचित उशिरा.

दवाखान्याच्या भिंतीला लागून तहसील कचेरी होती आणि तिच्या व्हरांड्यात पितळेचा जाड तास, वेळ झाली की ठोकायची थाळी, टांगलेला. खडा भिंतीवरून गेला, आणि ठणाणा असा आवाज झाला, की झाडावरचे कावळे उठले. पुढं जे झालं ते माझ्या आयुष्यातलं एक मोठं यश आहे. दुपारच्या सुट्टीचा तास झाला समजून कचेरीतले कारकून उठले, टोप्या घातल्या आणि घरी जेवायला चालू लागले. तास वाजवणारा चपराशी झोपेतून उठून 'मैंने नहीं बजाया, मैंने नहीं बजाया' करत त्यांच्या मागं धावत होता. डॉक्टर भिंतीला टेकून इतके हसले, की त्यांना पान थुंकावं लागलं. आणि सई, पहिल्यांदा मी आबांना खांदे हलवून, आवाज न करता हसताना पाहिलं.

डॉक्टर आत आले ते मात्र वेगळेच होऊन. त्यांनी आत्याच्या गळपट्टीच्या हाडामागं, मानेच्या डाव्या अंगाला, बोटं खुपसली आणि थांबले. तिथं सुपारीएवढं टणक काही होतं. त्यावर नळी लावली. मग आत्याचा हात हलकेच गोफणीसारखा वर धरला, मान वळवायला लावली, पुन्हा ऐकलं. त्यांनी नळी वैद्यबुवांच्या कानात घातली. बुवा म्हणाले, 'हात खाली असता फुत्कार आहे. वर नेला की शांत.' दोघं एकमेकांकडं बघून असे खूश झाले, जसे वर्षानुवर्षांचे मित्र.

मग डॉक्टरांनी आबांना समजावलं, मोडक्या मराठीत, पण हळदवाल्याला कळेल असं. हाताला रक्त नेणारी नळी म्हणजे एक पाट. तो मानेशी एका फासळीवरून वळून दंडात उतरतो. काही थोड्या माणसांना वर अजून एक फासळी असते, उगीच, कामाची नसलेली. बहुतेकांना ती आयुष्यभर कळतही नाही. पण या पोरीनं हात डोक्यावर नेऊन नेऊन तो पाट त्या फासळीवर घासला. आतला काठ खरवडला, तिथं गाळ धरला, गाळाचे तुकडे वाहत जाऊन बोटांच्या बारीक पाटांत अडकले. आज मोठा तुकडा सुटला. 'पाटात दगड आहे, आबासाहेब. तो काढल्याशिवाय पाणी चालणार नाही. हे काम हैदराबादेत होईल.' तोवर हात कापसात गुंडाळून ठेवायचा, शेकायचा नाही, चोळायचा नाही.

'जवळा बाजारला काय सांगू?' आबा स्वतःशीच म्हणाले. मग उठले. 'ते मागून बघू. गाडी किती वाजता?'

वैद्यबुवांनी कुरुंद्याला परत येताना मला गाडीत पुढं बसवलं. आबा, आई आणि आत्या वसमतहून आगगाडीनं हैदराबादला गेले, त्यामुळं पुढचं मी ऐकीव सांगते. मानेचा फोटो काढला, तर फासळी खरीच होती. तिथल्या सर्जननं ती काढली. दुखण्यातून जरा बरं वाटल्यावर आत्यानं पहिली गोष्ट मागितली ती पाणी नव्हे, फासळी. 'माझी हाय ती,' म्हणाली. नर्स नाही म्हणाली, डॉक्टर नाही म्हणाले. आत्या जेवेना. शेवटी सर्जनसाहेबांनी ती पट्टीच्या कापडात बांधून पाठवली आणि आबांनी आपल्या तपकिरीच्या डबीत ठेवली. तर्जनीचं टोक तेवढं काळं पडून, वाळून, एक दिवस आपोआप गळालं. बाकी हात वाचला, ऊबदार झाला. पण मनगटाची नाडी काही परत आली नाही. मोठा पाट बुजलेलाच राहिला. रक्तानं बारीक आडवाटा शोधल्या आणि हाताचं भागवलं.

जवळा बाजारला बातमी आमच्या आधी पोचली होती, आणि तीही वाढून: कुरुंद्याच्या पोरीनं एका धोंड्यात तहसील कचेरी बंद पाडली. आबा तोंड लपवून बसले होते. तिकडून आत्याचे होणारे मामंजी स्वतः आले. चहा घेतला, हळदीचा भाव विचारला, आणि मग म्हणाले, 'आमच्याकडं ज्वारी फार हाय. राघू लई तकलीफ देतेत.' एवढंच. लग्न ठरल्याप्रमाणं झालं. आत्याला गोफण पुन्हा धरता आली नाही, पण तिच्या घरच्या प्रत्येक लेकराला तिनं माळ्याखाली उभं राहून शिकवलं. तास मात्र मी वाजवला होता. जवळा बाजारात आजही कुणी हे कबूल करत नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

कुरुंद्यात त्यानंतर वैद्यबुवा बायकांच्या दोन्ही हातांची नाडी बघू लागले. आणि आत्या? ती म्हातारी होईपर्यंत सुधारली नाही. नवा डॉक्टर दिसला, की पदर सावरून गरीब चेहऱ्यानं डावं मनगट पुढं करायची आणि त्याच्या तोंडाकडं बघत बसायची. बिचारे बोटं सरकवत, घड्याळ बघत, घामाघूम होत. कुणी पार घाबरला, की मग ती म्हणे, 'साहेब, उजवा बघता का?' माझ्या धाकट्या भावाचा डॉक्टर जावई पहिल्यांदा भेटीला आला तेव्हाही तिनं हेच केलं. तो अजून सांगतो.

ती गेली तेव्हा मी तिथं होते. जवळा बाजारच्या घरी, पलंगाभोवती सगळे. तरुण डॉक्टर आला, त्यानं डावं मनगट धरलं, थांबला आणि मान खाली घातली. कुणी रडलं नाही. तिचा थोरला मुलगा म्हणाला, 'डॉक्टर, उजवा बघा.' त्यानं उजवा धरला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडं बघत होतो, आता भाकरीबद्दल काहीतरी बोलेल म्हणून. डॉक्टरनं उजवा हातही हळूच खाली ठेवला.

तर सई, घाबरायचं काही नाही. बहुतेकांची ती फासळी नुसती बसून असते. पण हात वर करून काम करताना बोटं गार पडली, पांढरी झाली, तर तुझ्या डॉक्टरांना दोन्ही मनगटं दाखव, आणि काय काम करतेस ते खरं सांग. निनादनंही मान दाखवावी.

कुरुंद्याचा मळा आता दुसऱ्यांचा आहे आणि माळा कधीच मोडला. गोफण माझ्या कपाटात आहे, एक पदर उंदरानं खाल्लेला. आत्याची फासळी आबांच्या तपकिरीच्या डबीत, गोफणीशेजारी आहे. आणि एक तुझ्या मानेत आहे.